अकरा पिशव्या

रात्री साडेदहाला भांडी पालथी घालून
मी फरशीवर वर्तमानपत्र पसरते.
उद्या स्वरांजलीला आठ पूर्ण होतील.
या वेळी तिला राजकन्या नको, फुगे नको,
मोहीम पाहिजे.
"आई, सगळ्यांनी हरवायचं. मग सापडायचं."
लई सोपं सांगितलं बाईसाहेबांनी.

महाद्वार रोडला रिटर्न गिफ्टची दुर्बीण मिळते,
साठाला एक, अकरा पोरांचे सहाशेसाठ.
दुकानात डोळ्याला लावून बघितली,
समोरचा केळीवाला होता तेवढाच दिसला.
परत ठेवली.

म्हणून ही खटपट.
सुभाषनगरातून संपतमामानं पोतंभर तुकडे धाडलेत,
चपलेच्या अंगठ्यातनं उरलेले, कानातनं उरलेले,
बाभळीच्या सालीचा वास अजून न सोडलेले.
एकालाही धड चार कोपरे नाहीत,
त्यामुळं एक पिशवी दुसरीसारखी होत नाही.
आरीनं भोक, भोकात सुतळी.
सातव्या पिशवीला आरी बोटात जाते,
बोट तोंडात,
जिभेवर हिरड्याचा तुरटपणा.

नकाशे दुपारीच चहाच्या पाण्यात बुडवून
उदयच्या बनियनशेजारी दोरीवर घातले होते.
सासूबाई म्हणाल्या, कुणाचे सात-बारा वाळत घातलेस?
कडा मेणबत्तीवर जाळल्या.
मुजावरांच्या आयानचा जरा जास्तच जळला,
खजिन्यासकट. तो परत काढला.

आमचीच गल्ली, पण नावं बदललेली.
पिठाची गिरण: धुक्याची गुहा.
तालमीचा आखाडा: तांबडं वाळवंट.
चौगुल्यांची म्हैस: काळा पहाड, झोपेत असल्यास ओलांडावा.
ट्रान्सफॉर्मर: इथं राक्षस गुणगुणतो, हात लावू नये.
हे शेवटचं खरंच.

उदयनं उद्यमनगरात, शिफ्ट संपल्यावर,
लेथवर पितळेच्या शिट्ट्या काढल्यात.
अकरातल्या दोन मुक्या. कानस घेऊन बसलाय.

मी भरायला लागते.
शिट्टी. वावभर दोरी. मेणबत्तीचा तुकडा
(काडी नको, पोवारांची जुई पेटवून बघेल).
कागदात गुळाचा खडा.
आणि बारक्या प्लास्टिकमध्ये चिठ्ठी,
हरवलास तर: नाव, बापाचं नाव, नंबर.

तिसऱ्या चिठ्ठीवर पेन थांबतं.
ही यादी मी आधी एकदा केली आहे.
पाच वर्षांपूर्वी, जुलैत,
पंचगंगा गिरणीच्या पायरीवर आली त्या रात्री.
शिट्टी, दोरी, मेणबत्ती, गूळ,
आणि मिठाच्या रिकाम्या पिशवीत चिठ्ठी,
तिच्या फ्रॉकला पिनेनं लावलेली.
मोहीम म्हणून नव्हे.

"काय झालं गं?"
"काही नाही. दोरी कमी पडतेय."

तेवढ्यात ती उठून आलीच, एक डोळा मिटलेला.
नकाशावर वाकून बघते, तक्रार करते,
"इथं होडी आलेली ना? ती काढलीच नाहीस."
स्केचपेन घेते
आणि अकराही नकाशांत, गिरणीच्या दारात,
एकेक नारिंगी होडी काढते.
होडीत माणसं नाहीत, नुसता एक हात, बाहेर काढलेला.
नारिंगी होती?
मला रंग आठवत नाही.
मी त्या रात्री फक्त पीन बघत होते,
उघडली तर नाही ना.

ती तिथंच झोपते, चामड्याच्या तुकड्यांत पाय.

बाराला उदय म्हणतो, ही बघ, झाली.
आणि ओट्यावर जाऊन दहावी शिट्टी
छाती भरून फुंकतो.

आधी कुत्री.
मग समोर एक दिवा लागतो, बाजूला दुसरा,
वरच्या मजल्यावर तिसरा,
आणि चौगुल्यांची काकी खिडकीतनं ओरडते,
"पाणी आलं व्हय रं?"

शिट्टी हातात तशीच धरून
उदय अंधारात उभा.
"न्हाई काकी," तो म्हणतो,
"वाढदिवस हाय."